फुटक्या हलगीचे काय करायचे?

हलगीविषयी अलीकडे आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. कोणी तिला महाराष्ट्राच्या मातीचा हुंकार म्हणतो, कोणी गुलामीची खूण. एक पक्ष तिला शासकीय महोत्सवाच्या मांडवात नेऊन बसवतो. दुसऱ्या पक्षाच्या कपाळाला तिचे नाव काढताच आठ्या पडतात. मी या दुसऱ्या पक्षात वाढलो आणि त्याचे माझ्यावर फार मोठे ऋण आहे. परंतु दोन्ही पक्ष एक साधी गोष्ट विसरतात असे मला वाटू लागले आहे. वाद्य ही माणसाने हाताने केलेली वस्तू असते. ती फुटते, मोडते. मोडल्यावर तिच्या लाकडाचे, पत्र्याचे, कातड्याचे काय करायचे हे कोणीतरी ठरवते. ते कोण ठरवतो, या एका प्रश्नात आपल्या सांस्कृतिक चळवळीचा बराचसा इतिहास दडलेला आहे आणि आपल्या समीक्षेने त्याकडे पाहिलेले नाही.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तीन वर्षांपूर्वी युवक महोत्सवासाठी लोकवाद्यवृंदाचा संघ बांधण्याचे काम माझ्याकडे आले. वसतिगृहातली चार-पाच मुले आपापली वाद्ये घेऊन आली. एकाच्या हातात रंगाच्या रिकाम्या डब्याचे तुणतुणे होते. दुसऱ्याने फुटलेल्या ढोलकीच्या तोंडाकडची चार बोटे रुंद कडी कापून, तिच्यावर कातडे मढवून दिमडी केली होती. मी ती वाद्ये पाहिली आणि म्हणालो, "हे भंगार तिथे नेऊ नका. पैसे मी देतो, दुकानातून बरी वाद्ये भाड्याने आणा." तुणतुणेवाला मुलगा हळूच म्हणाला, "सर, सूर लागतोय ह्याचा. ऐका तरी." मी ऐकले नाही. वाद्ये भाड्याने आली, संघ गेला, वाजवून परत आला. 'भंगार' हा शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो. आमच्या वस्तीला, आमच्या भाषेला, आमच्या कवितेला तो लावला गेला. त्या दिवशी तो माझ्या तोंडून बाहेर पडला, तोही आमच्याच मुलांसाठी.

पुढे सुटीत गावी गेलो तेव्हा आढ्याला टांगलेले आजोबांचे तुणतुणे मी खाली काढले. लहानपणापासून ते पाहत आलो होतो, पण हातात घेऊन कधी न्याहाळले नव्हते. डालड्याचा दोन्ही तोंडे मोकळी केलेला डबा. त्याच्या एका तोंडावर कातडे ताणून सुतळीने आवळलेले. डब्याच्या बाहेरच्या अंगाला वेळूची हात-सव्वा हात लांब काठी. काठीच्या शेंड्याला बाभळीची खुंटी. खुंटीपासून कातड्याच्या मध्यापर्यंत एकच तार, सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर काढून ओढलेली. ती ताणल्यावर कातडे फाडून निसटू नये म्हणून आतल्या बाजूने तिला गाठ मारली आहे, आणि ती गाठ एका भोकाच्या पैशात ओवली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेले ते नाणे. त्याच्यावरचा मुकुट आता बोटाला लागत नाही, इतका झिजला आहे.

आत्या शेजारी बसली होती. तिची पंच्याहत्तरी उलटली आहे. ती म्हणाली, "कातडं हलगीचं हाय ते. दीक्षा घेतल्यावर दादानं हलगी मोडली. फुटलेली बाजू टाकली, बरी बाजू भिजवून ह्याला घातली. कडं तेवढं आयनं घागरीखाली ठिवलं." वडिलांनी मला हे कधी सांगितले नव्हते. तुणतुणे आजोबांचे, ते जलशात वाजवीत, एवढेच त्यांनी सांगितले होते. हलगी या घरात होती हे मुलाला कळू नये असे त्यांना वाटत असावे. मी त्यांना दोष देत नाही. मी तरी त्या मुलांपाशी वेगळे काय केले?

आता हलगीचा हिशेब नीट मांडला पाहिजे. लोखंडाचे वा लाकडाचे कडे, त्यावर ताणलेले शेळीचे कातडे, उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या बोटांत बारीक काडी, अशी तिची घडण. वाजवण्याआधी ती जाळावर शेकावी लागते. कातडे तापून ताठ झाले की आवाज कडक येतो. पण ती शेकायची केव्हा, हे शेकणारा ठरवीत नसे. दवंडी द्यायची आहे, पाटलाचा हुकूम झाला, शेक. देवीची पालखी निघायची आहे, शेक. गावात मयत झाले, शेक. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचे आणि देवळाच्या पायरीशी येऊन थांबायचे. हलगी हातात आमच्या होती आणि हुकूम तिच्यावर गावाचा होता. म्हणून ती वाद्य असूनही आमच्यापुरती वेठ होती.

ही वेठ नुसत्या रूढीवर उभी नव्हती. वतनाच्या कायद्याने तिला आधार दिला होता. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडण्याचे आवाहन केले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलनाचा कायदा आला १९५८ साली. कायदा येण्याआधीच अनेक गावांत आमच्या माणसांनी मेलेले ढोर ओढणे थांबवले होते आणि हलगी खाली ठेवली होती. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला, शेतावरची कामे गमावली. हा नकार ज्यांनी दिला त्यांच्या पायांशी बसून आपण आज लिहितो आहोत. त्या नकाराला 'सांस्कृतिक वारशाचा नाश' म्हणणारे लोकसंस्कृतीचे अभ्यासक मला भेटले आहेत. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, हा वारसा जपण्यासाठी तुमच्या घरातले कोणी पाटलाच्या हुकमासरशी उठून हलगी शेकत होते काय?

या अभ्यासकांची एक पद्धत आहे. ते वाद्यांची यादी करतात, भरताच्या नाट्यशास्त्रातले तत, अवनद्ध, सुषिर आणि घन असे चार खण मांडतात आणि एकेक वाद्य त्या खणात ठेवतात. तुणतुणे या यादीत अवघड ठरते. त्याला तार आहे म्हणून ते तत. पण तार कातड्यातून निघते, कातडे हलले नाही तर ती बोलत नाही, म्हणून त्याचा अर्धा जीव अवनद्ध. मग ग्रंथात त्याला एक ओळ मिळते. 'साधे, एकसुरी, साथीचे लोकवाद्य.' वाघ्या-मुरळीपासून तमाशातल्या झीलकऱ्यापर्यंत आणि शाहिराच्या पोवाड्यापर्यंत ज्याच्या आधाराशिवाय आवाज उभा राहत नाही, त्याला एक ओळ! कातडे कोणी कमावले, खुंटी कोणी तासली, डबा कुठून आला, याला यादीत रकाना नाही. अभिजात संगीताची स्थिती वेगळी नाही. टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' या २०२० सालच्या पुस्तकात मृदंग करणाऱ्या कारागिरांचा शोध घेतला. मृदंगाला गाय, म्हैस आणि शेळी या तिन्हींचे कातडे लागते. ते मढवणारे बहुतेक दलित वा दलित ख्रिस्ती. आणि मैफिलीत मृदंगावर हात ठेवणारे मुख्यतः ब्राह्मण. नाद पवित्र आणि कातडे अपवित्र, ही फाळणी ऐकणाऱ्याच्या कानात असते. वाद्यात ती कधीच नव्हती.

हा प्रश्न केवळ आपल्या गावकुसाचा नाही. दलित साहित्याची जडणघडण होत असताना म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याकडे आपले लक्ष वेधले, आणि १९७२ साली स्थापन झालेल्या पँथरने तर नावच तिकडून घेतले. त्यामुळे काळ्यांचे ब्लूज आणि जॅझ आपण नावाने तरी ओळखतो. त्याच लोकांच्या नात्यातल्या एका बेटाकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही. ते बेट म्हणजे कॅरिबियन समुद्रातले त्रिनिदाद. हलगी आणि तुणतुण्याच्या प्रश्नाला तिथे फार स्वच्छ असे उत्तर सापडते.

त्रिनिदाद ही ब्रिटिशांची वसाहत होती. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची १८३८ साली पूर्ण मुक्तता झाली. हे लोक आपल्या उत्सवात ढोल बडवीत, मशाली घेऊन रस्त्यावर उतरत. सत्तेला त्या ढोलाची भीती वाटे. १८८१ च्या कार्निव्हलमध्ये पोलीस आणि लोक यांच्यात मोठी चकमक झाली आणि त्या दशकात ढोलावर कायद्याने निर्बंध आले. लोकांनी बांबूचे लहानमोठे तुकडे कापले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० च्या दशकात बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे, मोटारींचे टाकाऊ भाग आले. शेवटी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर, तेलाची रिकामी पिंपे आली. एकेक पिंप सुमारे २०८ लिटरचे. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट अशा वस्तीतल्या पोरांनी त्या पिंपातून सूर काढले. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून वाटीसारखा खोल करायचा, त्यावर सुरांच्या जागा आखायच्या, बाजूचा पत्रा हव्या त्या उंचीवर कापायचा, आगीवर तापवायचे आणि मग एकेक जागा ठोकून ठोकून सुरात आणायची. त्याला स्टील पॅन म्हणतात. बडवायच्या वस्तूतून त्यांनी पूर्ण सप्तक काढले. १९५१ साली त्यांचा एक वाद्यवृंद लंडनच्या ब्रिटन महोत्सवात वाजवून आला; ज्या साम्राज्याने ढोल बंद केला त्याच्याच राजधानीत.

दोन हुकूम शेजारी ठेवून पाहावेत. तिथे वाजवायला बंदी, इथे वाजवायची सक्ती. वरवर पाहता ही दोन टोके. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. ताल केव्हा धरायचा हे ताल धरणाऱ्याने ठरवायचे नाही, हा त्या दोन्ही हुकमांचा अर्थ. म्हणून त्रिनिदादच्या माणसाने टाकून दिलेले पिंप उचलले, आणि माझ्या आजोबांनी हातातली हलगी मोडली. क्रिया उलट, कृती एक. हलगी मोडून ते थांबले असते तर तो निव्वळ नकार झाला असता, आणि तोही पुरेसा मोठा होता. पण त्यांनी तिचे बरे कातडे काढून घेतले. गावाच्या हुकमावर जे कातडे वाजत होते त्यालाच त्यांनी जलशात बोलायला लावले. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आदी जलसाकारांनी तमाशाचा सांगाडा ठेवून आतला आशय पालटला होता. ढोलकी, तुणतुणे तीच, पण गाण्यात आता पाणवठा, शाळा आणि बाबासाहेब आले होते. जलशाने रचनेत जे केले तेच आजोबांनी वस्तूत केले.

आता समीक्षेचा मुद्दा. दलित आत्मकथने आली तेव्हा त्यांच्याविषयी काय म्हटले गेले ते आठवावे. भाषा ओबडधोबड, घडण सैल, अनुभव जळजळीत पण कलाकृती कच्ची. मी मुलांना जे म्हणालो तेच: वाद्य दुकानातले नाही. सूर लागतो का, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. दया पवारांनी १९७८ साली आपल्या पुस्तकाला नाव दिले 'बलुतं'. शंकरराव खरातांनी १९८१ साली नाव दिले 'तराळ-अंतराळ'. बलुतं आणि तराळ हे दोन्ही शब्द वतनाच्या वहीतले, आमच्या बापजाद्यांना हाक मारण्याचे. हे शब्द टाकून शुद्ध, निर्मळ शब्द घेणे सोपे होते. या लेखकांनी जुने शब्द मोडले, त्यांतले गावकीचे सडके तेवढे टाकले आणि उरलेल्याला स्वतःची तार लावली. खरात आटपाडीचे, आमच्याच माणदेशातले. 'तराळ' हा शब्द त्यांच्या मुखपृष्ठावर वाचताना तो मला पाटलाची हाक म्हणून ऐकू येत नाही. ही भाषेची कारागिरी आहे, आणि तिला 'कच्चा माल' म्हणणारी समीक्षा मुळात कारागिराकडे न पाहण्याच्या सवयीतून आलेली आहे.

हीच कसोटी मात्र आपण स्वतःलाही लावली पाहिजे. आज आपल्या कवितेत सूर्य, ज्वालामुखी, वादळ, मशाल हे शब्द इतके वापरून झाले आहेत की ते भाड्याच्या वाद्यासारखे वाटतात. कोणीही उचलावे, वाजवावे, परत ठेवावे. पहिल्यांदा ज्याने ते घडवले त्याच्या हाताचे घट्टे त्यात होते. आपल्या हाताला आता काहीच लागत नाही. नव्या कवीने आपल्या घरातले, कामावरचे, वस्तीतले मोडलेले काय आहे ते पाहावे आणि त्यातून काही जुळवावे. सूर लागायला वेळ लागेल. पण तो सूर त्याचा असेल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे आणि ती याच पानांवर बोलली पाहिजे. आम्ही बौद्धांनी हलगी सोडली. अनेक मातंग बांधवांच्या हातात ती राहिली, कारण तीच त्यांची भाकरी होती. पुढे आम्ही हलगीचा तिरस्कार करता करता हलगी वाजवणाऱ्याचा तिरस्कार कधी करू लागलो ते आम्हालाही कळले नाही. आमच्या वस्तीत "वाजवणारे लोक" हा शब्दप्रयोग मी लहानपणी ऐकला आहे आणि निमूटपणे वापरलाही आहे. नकार होता तो हुकमाला. तो माणसावर कसा गेला? अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकरांबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा डफ-तुणतुण्याच्या साथीने कामगारांची मैदाने भरली. त्यांचे मोठेपण आपण सांगतो आणि त्यांच्या बिरादरीतल्या हलगीवाल्या पोराला कमी लेखतो. तमिळनाडूत दलितांच्या चळवळीने 'परई' हे असेच मयताला वाजवायला लावलेले वाद्य स्वतःच्या हक्काचे म्हणून पुन्हा उचलले. आज तिथे दलित स्त्रियांची पथकेही परई वाजवतात. त्यांचा मार्ग आपला असलाच पाहिजे असे नाही. परंतु सोडणे, पुन्हा उचलणे आणि मोडून दुसरे घडवणे हे तिन्ही मार्ग ज्याच्या हातात वाद्य आहे त्याने निवडायचे आहेत. त्यांत उच्चनीच लावणारे आपण कोण?

एक सावधगिरी मात्र हवी. डब्याच्या तुणतुण्याचे मी कौतुक केले म्हणून दारिद्र्याचे कौतुक कोणी करू नये. वसतिगृहातल्या त्या मुलाला चांगले वाद्य विकत घेता आले पाहिजे, आणि तरीही डब्याचे करावेसे वाटले तर ते करण्याची मुभा त्याला असली पाहिजे. त्रिनिदादमध्ये स्टील पॅन वाजवणाऱ्यांना प्रथम गुंड म्हटले गेले. नंतर तेल कंपन्या आश्रयदात्या झाल्या आणि वाद्यवृंदांच्या नावाआधी 'शेल', 'एस्सो' अशी त्यांची नावे लागली. ज्यांचे पिंप त्यांचाच फलक! १९९२ साली ते देशाचे राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झाले, आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टील पॅन दिन ठरवला. हा मान मोलाचा आहे. पण मान मिळताना घडवणाऱ्याचे नाव वाद्यापासून सुटू नये, याची काळजी आपल्याला येथेही घ्यावी लागेल. हलगी महोत्सवात गेली. हलगीवाला अजून मांडवाच्या बाहेर चहा पितो.

सुटीहून परतल्यावर मी त्या मुलाला बोलावले आणि आजोबांचे तुणतुणे त्याच्यापुढे ठेवले. त्याने माझ्याकडे फारसे पाहिले नाही. डबा उलटा केला, आतली गाठ पाहिली, पैशावरून बोट फिरवले. म्हणाला, "मी बटण घातलं होतं, ते तुटतं. हे बरंय." मग त्याने कातडे दाबून पाहिले आणि सांगितले की ते वाळून तडकले आहे, पुन्हा मढवावे लागेल, याच्यावर आता तार ओढू नका. मी ते त्याच्याकडे दिले आहे.

वाचकांना एक विनंती आहे. आपापल्या घरी आढ्याला, माळ्यावर, घागरीखाली असे काही असेल तर ते खाली काढा. संग्रहालयाला देण्याची घाई करू नका. ते कशापासून केले, आधी काय होते, कोणी आणि केव्हा मोडले, हे सांगणारी आत्या-आजी अजून बोलते आहे तोवर तिच्यापाशी बसा आणि तिच्याच शब्दांत लिहून काढा. आपल्या सौंदर्यशास्त्राला लागणारी परिभाषा ग्रंथालयात शोधत मी बरीच वर्षे घालवली. त्यातली थोडी तरी आमच्या घरात घागरीखाली होती.